पळालेल्या दासांचे वकील : सरन्यायाधीश सॅल्मन पोर्टलंड चेस ह्यांचे चरित्र

न्यायाच्या कचेरीत ज्याच्या बाजूने निकाल लागतो तो जिंकला आणि ज्याच्या विरुद्ध लागतो तो हरला, असे आपण सर्वजण धरून चालतो. कोर्टाची पायरी चढून रिकाम्या हाताने परत आलेल्या मनुष्याकडे गावचे लोकही त्याच दृष्टीने पाहतात. आज आम्ही ज्या गृहस्थांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो, ते आपल्या उमेदीच्या काळातील मोठमोठे खटले एकामागून एक हरले. ज्यांच्यासाठी ते भांडले, त्यांपैकी कित्येकांस पुन्हा दास्यात नेण्यात आले. तरी त्याच गृहस्थांस पुढे आपल्या देशाच्या सर्वश्रेष्ठ न्यायासनावर बसण्याचा मान मिळाला, आणि ज्या गुलामगिरीशी ते झगडले ती त्यांच्या डोळ्यांदेखत कायद्याने नष्ट झाली. अमेरिकेचे सरन्यायाधीश सॅल्मन पोर्टलंड चेस हे ते गृहस्थ होत. त्यांच्या अंगी मोठे गुण होते, तसा एक मोठा दोषही होता; तो झाकून ठेवण्याचा आमचा विचार नाही.

बाळपण व शिक्षण

चेस ह्यांचा जन्म ता. १३ जानेवारी १८०८ रोजी न्यू हॅम्पशर संस्थानातील कॉर्निश ह्या गावी झाला. अमेरिकेत संस्थान म्हणजे राजाचे राज्य नव्हे. तेथे प्रत्येक संस्थानास आपले कायदेमंडळ व आपला गव्हर्नर असतो, आणि अशी पुष्कळ संस्थाने मिळून एक राष्ट्र झाले आहे. सॅल्मनचे वडील शेतकरी होते. त्यांनी काचेच्या कारखान्यात पैसा घातला, तो बुडाला, आणि १८१७ मध्ये ते वारले. त्या वेळी मुलगा नऊ वर्षांचा होता. घरात मुले पुष्कळ आणि मिळकत थोडी, अशा स्थितीत विधवा आईने १८२० मध्ये त्यास दूर पश्चिमेकडे ओहायो संस्थानात त्याचे चुलते फिलँडर चेस ह्यांजकडे पाठविले. हे चुलते त्या संस्थानाचे पहिले एपिस्कोपल बिशप होते.

वाटेत क्लीव्हलंड येथे सोबत मिळेपर्यंत मुलास थांबावे लागले. तेवढ्या अवकाशात तो स्वस्थ बसला नाही. लहानशा होडीतून उतारूंस नदीपार करून त्याने चार पैसे मिळविले. बिशपसाहेबांचा स्वभाव कडक होता. शेतावरचे काम आणि ग्रीक व लॅटिन भाषांचा अभ्यास ही दोन्ही मुलास करावी लागत. एकदा त्यास डुकराचे केस काढून ठेवण्यास सांगितले. पाणी फार कढल्यामुळे केस निघेनात, तेव्हा त्याने घरातल्या एकाचा दाढीचा वस्तरा घेऊन ते डुक्कर भादरून टाकिले! काम पुरे झाले, पण वस्तऱ्याची धार गेली. हाती घेतलेले काम कसेही करून तडीस न्यावयाचे, हा गुण त्यांच्या अंगी असा लहानपणापासून होता.

पुढे तो आपल्या मुलखी परत आला, आणि १८२६ मध्ये डार्टमथ कॉलेजातून पदवीधर झाला. मग उपजीविकेसाठी तो वॉशिंग्टन राजधानीस गेला. तेथे त्याचे दुसरे एक चुलते सिनेटचे सभासद होते. सरकारी कचेरीत कारकुनी मिळवून द्यावी अशी विनंती त्याने त्यांस केली. त्यांनी साफ नाकारले. पूर्वी एका पुतण्यास सरकारी जागा लावून दिल्याने तो वाया गेला होता. म्हणून, फावडे विकत घेण्यास अर्धा डॉलर हवा असेल तर देतो, पण नोकरी मागू नको, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले, असे सांगतात. तरुणास वाईट वाटले. तथापि त्या नकारात त्याचे कल्याण झाले. त्याने मुलांची शाळा चालविली, आणि राष्ट्राचे मुख्य सरकारी वकील विल्यम वर्ट ह्यांच्या हाताखाली कायद्याचा अभ्यास केला. १८२९ च्या अखेरीस त्यास वकिलीची सनद मिळाली.

नदीकाठचे शहर

१८३० मध्ये चेस ओहायो संस्थानातील सिनसिनाटी शहरी येऊन राहिले. हे शहर ओहायो नदीच्या काठी आहे. नदीच्या ह्या तीरावर गुलाम ठेवण्यास कायद्याने बंदी होती. पलीकडच्या तीरावर केंटकी संस्थान होते, आणि तेथे मनुष्ये गुराढोरांप्रमाणे विकली जात. म्हणून दास्यात पिचलेले कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष रात्री नदी ओलांडून येत, आणि त्यांस पकडणारे लोक त्यांच्या मागोमाग येत. पळून आलेला दास धन्यास परत द्यावा, असा राष्ट्राचा कायदा १७९३ पासून होता.

चेस ह्यांनी आरंभी ह्या प्रश्नाकडे विशेष लक्ष दिले नव्हते. त्यांनी १८३३ ते १८३५ ह्या काळात ओहायोचे सर्व कायदे तीन खंडांत संकलित केले, व त्यामुळे वकील म्हणून त्यांचा लौकिक झाला. पण त्यांच्या घरावर दुःखाचे घाले पडत गेले. १८३४ मध्ये लग्न होऊन पुढच्याच वर्षी त्यांची पत्नी बाळंतपणानंतर वारली. त्या वेळी ते कामासाठी परगावी होते. आपण तिच्या आत्म्याची पुरेशी काळजी वाहिली नाही, ही खंत त्यांस फार दिवस जाचत राहिली. पुढे दुसरी पत्नी १८४५ मध्ये व तिसरी १८५२ मध्ये निवर्तली. त्यांस सहा कन्या झाल्या. त्यांपैकी चार बाळपणीच गेल्या. नित्य प्रार्थना व शास्त्रवाचन ह्यांवर ते उभे राहिले, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी तिसऱ्यांदा विधुर झाल्यावर त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

१८३६ च्या उन्हाळ्यात सिनसिनाटीत दंगा झाला. जेम्स बर्नी नावाचे गृहस्थ पूर्वी स्वतः गुलामांचे धनी होते. त्यांनी आपले गुलाम मुक्त करून दास्याविरुद्ध वर्तमानपत्र चालविले होते. शहरातील व्यापाऱ्यांस दक्षिणेकडचा व्यापार बुडेल अशी भीती वाटली. जमावाने छापखाना फोडला, आणि बर्नींस शोधीत लोक एका खाणावळीच्या दारी आले. त्या दारात चेस आडवे उभे राहिले. धिप्पाड अंगाचा तो वकील जागचा हलेना, आणि जमावास परत फिरावे लागले. त्या दिवसापासून चेस ह्यांची बाजू ठरली.

हरलेले खटले

पुढच्याच वर्षी मटिल्डा नावाच्या तरुणीचा खटला उभा राहिला. ती मिसूरी संस्थानातील एका धन्याची दासी होती, आणि त्याचीच मुलगीही होती. धन्याबरोबर प्रवास करीत असता आगबोट सिनसिनाटीच्या धक्क्यास लागली. तिने आपली मुक्तता मागितली, ती मिळाली नाही, म्हणून ती शहरात लपून राहिली. पुढे ती बर्नींच्या घरी मोलकरीण म्हणून काम करू लागली. मार्च १८३७ मध्ये तिला पकडण्यात आले, आणि चेस तिच्या वतीने न्यायाधीशापुढे उभे राहिले.

त्यांचा युक्तिवाद असा होता. कोणीही मनुष्य स्वभावतः दुसऱ्याचा दास नाही. गुलामगिरी ही केवळ त्या त्या संस्थानाच्या कायद्याने उत्पन्न होते, म्हणून त्या संस्थानाच्या हद्दीबाहेर तिचा जोर चालत नाही. मटिल्डा पळून ओहायोत आली नाही. धन्याने स्वतःच तिला येथे आणिले. ज्या क्षणी ती मुक्त भूमीवर उतरली त्याच क्षणी ती मुक्त झाली. न्यायाधीशाने हे ऐकून घेतले, आणि मटिल्डास धन्याच्या स्वाधीन केले. तिला न्यू ऑर्लिन्स येथे नेऊन विकण्यात आले. तिचे पुढे काय झाले, हे इतिहासात नमूद नाही.

तिला आश्रय दिल्याबद्दल बर्नींवरही फिर्याद होऊन त्यांस ५० डॉलर दंड झाला. चेस ह्यांनी वरच्या कोर्टात अपील केले. तेथे फिर्यादीच्या कागदातील दोषामुळे दंड रद्द झाला. परंतु ज्या तत्त्वासाठी चेस भांडत होते, त्यावर न्यायाधीशांनी निर्णय दिला नाही.

एप्रिल १८४२ मध्ये जॉन व्हॅन झँट नावाचा एक वृद्ध शेतकरी बाजारात माल विकून गाडीतून घरी परतत होता. वाटेत त्यास केंटकीहून पळून आलेले नऊ जण भेटले. त्याने त्यांस गाडीत घेतले. मागाहून पकडणारे आले. आठ जण सापडले, एक निसटला. धन्याने शेतकऱ्यावर नुकसानभरपाईचा दावा लाविला. चेस ह्यांनी फी न घेता हा खटला चालविला, आणि तो राष्ट्राच्या सुप्रीम कोर्टापर्यंत नेला. तेथेही १८४७ मध्ये निकाल विरुद्ध गेला. व्हॅन झँट दंडाच्या ओझ्याखाली भरडला गेला, व त्याच साली वारला. हॅरियट बीचर स्टो ह्या बाईंनी टॉमकाकांच्या प्रसिद्ध कादंबरीत जो प्रेमळ शेतकरी रंगविला आहे, तो ह्याच मनुष्यावरून घेतलेला आहे. मोशेच्या नियमशास्त्रात पळून आलेल्या दासास धन्याच्या हवाली न करण्याविषयी जी आज्ञा आहे, ती ज्यांनी वाचली असेल त्यांस ह्या शेतकऱ्याचे कृत्य नवे वाटणार नाही.

केंटकीतील लोक चेस ह्यांस थट्टेने पळालेल्या दासांचे सरकारी वकील म्हणू लागले. ती थट्टा त्यांनी मानाची पदवी म्हणून स्वीकारली. १८४५ मध्ये सॅम्युएल वॉटसन नावाच्या दासाचा खटलाही ते हरले. पण त्याच वर्षी मे महिन्यात सिनसिनाटीतील कृष्णवर्णीय लोकांनी एकत्र जमून त्यांस चांदीची एक झारी भेट दिली. हरलेल्या वकिलास मानाची भेट देण्याची चाल कोठेही नाही. परंतु ह्या गरीब लोकांस कळले होते की, ज्या कोर्टात आपल्या बाजूने कोणी तोंड उघडीत नव्हते तेथे एक मनुष्य उभा राहिला, आणि त्याचे शब्द आता कागदावर राहिले आहेत. ते भाषण छापून गावोगाव वाचले गेले, आणि कोर्टाने जे नाकारले ते हळूहळू लोकांच्या मनात शिरले.

राजकारणात

एकेका खटल्याने गुलामगिरी मोडणार नाही, कायदाच बदलला पाहिजे, हे ओळखून चेस राजकारणात शिरले. १८४९ मध्ये ओहायोच्या कायदेमंडळाने त्यांस सिनेटवर निवडून दिले. ही निवडणूक पक्षापक्षांच्या देवघेवीने झाली, व तिजबद्दल त्यांस पुष्कळ बोल लागला. मात्र त्याच देवघेवीत ओहायोतील कृष्णवर्णीय लोकांविरुद्धचे जाचक कायदे बव्हंशी रद्द झाले. पूर्वी गोऱ्या मनुष्याविरुद्ध त्यांची साक्ष कोर्टात चालत नसे; ती आता चालू लागली, आणि त्यांच्या मुलांच्या शाळांची सोय झाली. १८५४ मध्ये नव्या मुलखात गुलामगिरी शिरू देणाऱ्या कायद्यास चेस ह्यांनी कसून विरोध केला. त्या चळवळीतून रिपब्लिकन पक्ष जन्मास आला, आणि त्या पक्षाचे ओहायोतील पहिले गव्हर्नर चेस झाले.

ते गव्हर्नर झाले त्याच महिन्यात, जानेवारी १८५६ मध्ये, मार्गारेट गार्नर नावाची दासी आपल्या कुटुंबासह गोठलेली नदी ओलांडून सिनसिनाटीस आली. पकडणाऱ्यांनी घर वेढले, तेव्हा मुलांस पुन्हा दास्यात जाऊ देण्यापेक्षा मेलेली बरी असे वाटून तिने आपल्या लहान मुलीस ठार केले. ओहायोच्या कायद्याने तिजवर खुनाचा खटला चालावा, म्हणजे ती निदान मुक्त भूमीवर तरी राहील, असा प्रयत्न झाला. पण राष्ट्राच्या अधिकाऱ्यांनी तिला केंटकीस परत नेले. गव्हर्नरांनी आणखी जोर करावयास हवा होता, असे त्यांस दूषण देण्यात आले. दासांचा वकील संस्थानाचा अधिपती होऊन बसला असताही त्या आईस वाचवू शकला नाही. गुलामगिरीचा पाश किती बळकट होता, हे ह्यावरून दिसून येते.

१८६० मध्ये चेस ह्यांस राष्ट्राध्यक्ष होण्याची इच्छा होती, पण पक्षाने अब्राहाम लिंकन ह्यांस उभे केले. लिंकन निवडून आले व त्यांनी चेस ह्यांस खजिनामंत्री केले. लगेच दक्षिणेकडील संस्थाने फुटून यादवी युद्ध पेटले. सैन्यास द्यावयास पैसा नव्हता. चेस ह्यांनी सुमारे ५० कोटी डॉलरांचे कर्जरोखे सामान्य लोकांस विकून पैसा उभारला. १८६२ पासून सरकारने कागदी नोटा काढिल्या, आणि एक डॉलरच्या नोटेवर चेस ह्यांचेच चित्र छापले गेले. १८६३ मध्ये राष्ट्रीय बँकांचा कायदा झाला.

येथे एक लहान गोष्ट सांगावीशी वाटते. नोव्हेंबर १८६१ मध्ये पेनसिल्व्हेनिया संस्थानातील वॉटकिन्सन नावाच्या एका पाळकाने मंत्रिसाहेबांस पत्र लिहिले. देशाच्या नाण्यांवर देवाचे नाव कोठेच नाही, ते असावे, एवढीच त्याची विनंती होती. मोठ्या युद्धाच्या धामधुमीत अशा पत्राकडे कोण पाहतो? पण चेस ह्यांनी ते वाचून टांकसाळीच्या अधिकाऱ्यास लागलीच हुकूम पाठविला. १८६४ मध्ये निघालेल्या दोन सेंटांच्या नाण्यावर देवावरील भरवशाचे ते वचन प्रथम उमटले. त्याचप्रमाणे ता. १ जानेवारी १८६३ च्या दासमुक्तीच्या जाहीरनाम्याच्या अखेरीस सर्वसमर्थ देवाच्या कृपेची जी याचना आहे, ती चेस ह्यांच्या सूचनेवरून घालण्यात आली.

दोष आणि क्षमा

आता त्यांच्या दोषाविषयी. राष्ट्राध्यक्षपदाचा हव्यास त्यांच्या मनातून कधीच गेला नाही. लिंकन ह्यांच्या मंत्रिमंडळात बसून त्यांची जागा आपणास मिळावी म्हणून चाललेल्या खटपटी त्यांनी चालू दिल्या. १८६४ च्या आरंभी ही गोष्ट उघडकीस आली. रुसून राजीनामा देण्याचीही त्यांस सवय होती, आणि जून १८६४ मध्ये लिंकन ह्यांनी तो एकदाचा स्वीकारिला. चेस ह्यांस धक्काच बसला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात वृद्ध सरन्यायाधीश टॉनी वारले. ह्याच टॉनी ह्यांनी १८५७ मध्ये असा निकाल दिला होता की, कृष्णवर्णीय मनुष्य त्या देशाचा नागरिक होऊ शकत नाही. त्यांच्या जागी कोणास नेमावे? आपणाविरुद्ध कारस्थान करणाऱ्या मनुष्यास एवढे मोठे पद देऊ नये, असे पुष्कळांनी लिंकन ह्यांस सांगितले. लिंकन ह्यांनी वैर मनात ठेविले नाही, आणि ता. ६ डिसेंबर १८६४ रोजी चेस ह्यांस सरन्यायाधीश नेमिले. चेस ह्यांच्या योग्यतेइतकाच लिंकन ह्यांच्या मनाचा मोठेपणा ह्या नेमणुकीत दिसतो.

न्यायासनावर

ता. १ फेब्रुवारी १८६५ रोजी जॉन रॉक नावाच्या कृष्णवर्णीय वकिलास सुप्रीम कोर्टात वकिली करण्याची सनद मिळाली. तोपर्यंत त्या वर्णाच्या एकाही मनुष्यास ती मिळाली नव्हती. आदल्याच दिवशी गुलामगिरी नष्ट करणारी घटनेची दुरुस्ती लोकसभेत मंजूर झाली होती. ज्या कोर्टाने आठ वर्षांपूर्वी त्या लोकांस नागरिक मानण्याचे नाकारले, त्याच कोर्टात त्यांच्यातला एक वकील म्हणून शपथ घेत होता, आणि अध्यक्षस्थानी व्हॅन झँटचा हरलेला वकील बसला होता.

१८६७ मध्ये बाल्टिमोर येथे एलिझाबेथ टर्नर ह्या मुलीचा अर्ज त्यांच्यापुढे आला. मेरिलंड संस्थानात १८६४ मध्ये दास मुक्त होताच दोन दिवसांत जुन्या धन्याने तिला उमेदवार म्हणून बांधून घेतले होते. कागदावर नाव उमेदवारीचे, पण गोऱ्या उमेदवारास जे शिक्षण व जे हक्क मिळत ते तिच्या करारात नव्हते. नाव बदलून जुनेच दास्य चालू होते. चेस ह्यांनी तो करार बेकायदा ठरवून तिला मोकळे केले. त्या धन्याचे नाव फिलेमोन होते. पौलाने अनेसिमाविषयी ज्यास पत्र लिहिले त्या फिलेमोनाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. त्यास प्रीतीने विनविणे पुरेसे होते. ह्यास न्यायाधीशाचा हुकूम लागला. मटिल्डाची केस हरल्यास तीस वर्षे लोटली होती. आता निकाल देणे चेस ह्यांच्याच हाती होते.

१८६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ह्यांची सिनेटपुढे चौकशी झाली. अध्यक्षस्थानी चेस होते. चौकशी कायद्याप्रमाणेच चालली पाहिजे, असा त्यांनी आग्रह धरला, म्हणून त्यांचे जुने मित्रही रागावले. अखेर एका मताने जॉन्सन वाचले. १८७० मध्ये तर ह्याहून नवल घडले. कागदी नोटा जुन्या कर्जाच्या फेडीस सक्तीने घ्याव्या लागणे कायदेशीर आहे काय, हा प्रश्न आला, आणि ज्या नोटांवर स्वतःचे चित्र होते त्यांच्या विरुद्ध चेस ह्यांनी निकाल दिला. मंत्री असता युद्धाच्या निकडीने केलेली गोष्ट न्यायाधीश होऊन त्यांनी अयोग्य ठरविली. पुढच्या वर्षी कोर्टाने तो निकाल फिरविला, पण चेस ह्यांनी आपले मत बदलले नाही. एप्रिल १८७३ मध्ये मायरा ब्रॅडवेल ह्या बाईस स्त्री म्हणून वकिलीची सनद नाकारण्यात आली, तेव्हा तिच्या बाजूने मत देणारे चेस हे एकटेच न्यायाधीश होते.

अर्धांगवायूने ते आधीच खचले होते. ता. ७ मे १८७३ रोजी न्यूयॉर्क येथे, आपल्या धाकट्या कन्येच्या घरी, त्यांनी देह ठेविला. पुढे त्यांच्या अस्थी सिनसिनाटीस, त्याच नदीकाठच्या शहरी, आणून पुरण्यात आल्या.

त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुले ह्यांनी गुलामगिरी हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि ते अमेरिकेत दासांस मुक्त करण्यासाठी झटलेल्या थोर लोकांस अर्पण केले. सिनसिनाटीच्या कोर्टात ज्या लोकांच्या बाजूने थोडेच मुखत्यार उभे राहत होते, त्यांच्या सुटकेची वार्ता समुद्र ओलांडून आपल्या मुलखातील पायदळी तुडविलेल्यांपर्यंत अशी येऊन पोहोचली.

चेस ह्यांनी ज्या पदाची आयुष्यभर इच्छा केली ते त्यांस मिळाले नाही, आणि त्या खटपटींचे स्मरण आज कोणी मोठ्या आदराने करीत नाही. फी न घेता, निकाल विरुद्ध जाणार हे जवळजवळ माहीत असता, त्यांनी एका दासीसाठी व एका म्हाताऱ्या शेतकऱ्यासाठी जे शब्द उच्चारले, त्यांचेच आज स्मरण होते. आपल्या गावात विहिरीवरून, वाटेवरून, मजुरीवरून एखाद्या दुबळ्यावर अन्याय होतो, तेव्हा बोलून काय उपयोग, पंच ऐकणार नाहीत, असे म्हणून आपण पुष्कळदा गप्प बसतो. अशा वेळी, बंधूंनो व भगिनींनो, मटिल्डाच्या वकिलाची आठवण करावी. पंचांनी ऐकले नाही तरी दुबळ्याच्या बाजूने एक साक्ष दिली गेली, ही गोष्ट त्यास कळते, गावास कळते, आणि देवाच्या पुस्तकात लिहिली जाते.